चौथी खेप

थोरलीने वैद्यकीयची प्रवेशपरीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा तिला ताप होता, असं घरात ठरलं. दुसऱ्यांदा पेपरच अवघड होता. तिसऱ्या खेपेला मात्र निमित्त सापडेना. त्याच वर्षी, तोच पेपर देऊन, धाकटी पहिल्याच फटक्यात पार झाली होती.

दोघी एकाच टेबलाशी समोरासमोर बसून अभ्यास करायच्या. अडलं की धाकटी विचारायची. अर्धं रसायनशास्त्र थोरलीनेच तिच्या गळी उतरवलं होतं. त्यामुळे निकालाच्या दिवशी धाकटी ‘साइटच उघडत नाहीये’ म्हणत फोन उशीखाली दडपून पडून राहिली. शेवटी थोरलीने तो ओढून घेतला, दोघींचे मार्क पाहिले आणि म्हणाली, “ऊठ, वेडे. तोंड धू आणि आईला सांग.”

मग ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. बहिणीचा आनंद झाला होता, खोटं नाही. पण चिमटे काढून झाले तरी खाली जावंसं वाटत नव्हतं.

वडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. जेवताना त्यांनीच विषय काढला.

“अजून एकदा बस. थोडक्यात हुकलंय. माझ्याकडे एक बाई यायच्या. किती वेळा नापास झाल्या, पण लायसन्स घेऊनच गेल्या! सोडायचं नसतं.”

“त्या आता गाडी चालवतात?” थोरलीने विचारलं.

वडील ताटात बघत म्हणाले, “नाही. नवरा चालवतो. त्या शेजारी बसतात.”

धाकटीला हसू फुटलं, मग आईला, शेवटी वडिलांनाही. त्या भरात थोरली बोलून गेली, “बाबा, आधी मला डॉक्टर व्हायचं होतं. आता नुसतं पास व्हायचंय. त्यासाठी आणखी एक वर्ष नको.”

“लोक म्हणतील, धाकटी पुढे गेली म्हणून हिनं हाय खाल्ली.”

“म्हणू देत. थोडी खाल्लीच आहे.”

आई म्हणाली, “मी गेल्याच वर्षी ‘पुरे’ म्हणणार होते. पण तुला वाटलं असतं, आईचाच भरवसा उडाला.”

“मग म्हणायचं ना गं!” थोरली चिडली. खरंच चिडली, आणि ताटावरून उठून गेली.

वडील काही दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने कानाची तपासणी शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वर्गातली तिच्याहून लहान मुलं तिला चिडवत मावशी म्हणायची. सुरुवातीला कुणी वैद्यकीयच्या गोष्टी काढल्या की ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची. पुढे एकदा धाकटीचा हॉस्टेलवरून रडत फोन आला. पहिल्याच चाचणीत ती नापास झाली होती.

“एकदाच ना?” थोरली म्हणाली. “अगं, मला विचार. मी अनुभवी माणूस आहे.” धाकटी रडता रडता हसली, आणि मग दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या.

आता थोरली एका दवाखान्यात काम करते. काचेपलीकडच्या पेशंटला हेडफोन लावून सांगते, “आवाज आला की बटण दाबा.” काही म्हातारे आवाज येवो न येवो, नापास होण्याच्या भीतीने बटण दाबतच राहतात. ती उठते, दार उघडते, “काका, यात पास-नापास नसतं हो,” म्हणते, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून घेते.