विकत घेतलेले एकोणीस सेकंद

माझे वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यांचे दोनच फोटो घरात होते. एक लग्नातला, त्यात मुंडावळ्यांमुळे अर्धा चेहरा झाकलेला. दुसरा सोसायटीच्या कार्डावरचा, अंगठ्याएवढा. ते कसे चालायचे, हसताना तोंडावर हात ठेवायचे की नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आई सांगायची, पण तिचं सांगणं म्हणजे दोन वाक्यं आणि मग कामाला उठणं.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना माहीत होती. ते वारले त्याच्या दोन हिवाळे आधी आमच्या कळसाडीत सिनेमाची माणसं आली होती. चार दिवस शूटिंग चाललं आणि त्यात वडिलांची बैलगाडी घेतली होती. माझा मोठा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला ते नीट आठवत होतं. पण सिनेमाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात जे नाव सांगितलं गेलं त्या नावाचा सिनेमा कधी निघालाच नाही. पुढे आम्ही तो विषय सोडून दिला.

मी नंदुरबारला शाळेत शिकवते. आमच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर एक बाई आहेत, त्यांना जुने, न चाललेले सिनेमे बघायचा नाद आहे. ऑनलाइन दुकानातून त्या भाड्याने सिनेमे घेतात. एका गुरुवारी मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं माहेर कळसाडी ना? काल एका पिक्चरमध्ये रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड दिसला. त्यावर कळसाडी लिहिलेलं होतं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ते दुकान मोबाइलवर उघडलं. सिनेमाच्या खाली दोन बटणं होती, भाड्याने आणि विकत. आपल्याला एकदाच तर बघायचाय, असं म्हणून मी भाड्याने घेतला. खाली बारीक अक्षरांत काहीबाही होतं. मुलांना रोज सांगते, प्रश्न पूर्ण वाचा मग उत्तर लिहा. मी स्वतः वाचलं नाही.

सिनेमा रटाळ होता. नवऱ्याच्या घरातून निघालेली एक मुलगी, तिचा चालतच राहणारा प्रवास. तासाभराने तो दगड आला. रस्त्याने ती मुलगी रडत येते, आणि तिच्या मागून कापसाने भरलेली बैलगाडी. गाडीवान गाडीत बसलेला नाही, बैलाच्या मानेवर हात ठेवून शेजारून चालतोय. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर. तो कॅमेऱ्याकडे न बघता निघून जातो.

हे माझे वडील की दुसरंच कुणी, मला कळेना. स्वतःच्या बापाला ओळखता येत नाही याची फार लाज वाटली. मी भावाला फोन लावला.

"दादा, आपली गाडीना बैल कसा व्हतात?"

"का वं? आज हाई काय मधमाच?"

"सांग ना."

"एक खिलारी. एक गावठी, त्यानं शिंग खाले वाकेल व्हतं."

"कोणता? डावा का उजवा?"

"डावा," तो म्हणाला. माझ्यासमोर थांबवलेल्या चित्रात डाव्या बैलाचं शिंग कानाखाली वाकलेलं होतं, आणि त्याच बैलाच्या मानेवर त्या माणसाचा हात होता.

रविवारी मी कळसाडीला गेले. भावाने आईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आई ओसरीवर खाटेवर बसली होती. न्हालेली, केस विंचरलेले, अंगावर लग्नाकार्याला नेसते ते हिरवं पातळ. कुणाच्या तरी घरी भेटायला निघाल्यासारखी. मी तिच्या शेजारी बसले, मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला आणि सिनेमावर बोट टेकवलं.

मुदत संपली, असं अक्षरांत आलं. परत दाबलं, परत तेच.

आता मी बारीक अक्षरं वाचली. भाड्याने घेतलेला सिनेमा तीस दिवसांत कधीही सुरू करा, पण एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवा. मी गुरुवारी संध्याकाळी सुरू केला होता. शनिवारी संध्याकाळीच तो बंद झाला होता.

"काय व्हयनं?" आईने विचारलं.

"मुदत संपनी, माय."

"मुदत संपनी म्हंजे? त्या गयात?"

ते गेले का, हे तिने अगदी साधेपणाने विचारलं. गाडी लागली का, गेली का, असं विचारतात तसं. भाऊ उठून अंगणात गेला.

मी म्हटलं, "नई माय. जाऊ देत नई. आते विकतच लेस."

घरात नेटवर्क धड येत नाही, म्हणून मी धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, चढले आणि तिथे उभी राहून विकतचं बटण दाबलं. पैसे गेले. डाउनलोड सुरू झालं. सगळ्यात हलक्या दर्जाचं चित्र निवडलं तरी ते मुंगीच्या पावलाने सरकत होतं. खाली आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या, त्या चांगल्या पातळाला पीठ लागू नये म्हणून पदर खोचून. दर दोन भाकरींनी ती वर तोंड करून विचारायची, "कोठलोंग उनात?" कुठवर आले? मी सांगायचे, निम्मे. पाऊण. जेवणं झाली, भांडी झाली, तेव्हा कुठे ते पुरं उतरलं.

मी थेट त्या जागेवर नेलं. आईने मोबाइल दोन्ही हातांनी धरला. गाडी आली, गेली.

मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पडद्यावरचा गाडीवान बैलांना हाकारतो तो मोठा आवाज आला आणि आईच्या कपाळाला आठी पडली.

"हाऊ आवाज त्यासना नई शे."

"मंग कोणा?"

"काय माहीत. त्या बैलसवर कधी वरडेत नई. हळूच बोलेत. आपले आयकू बी येत नव्हतं." मग म्हणाली, "आवाज बंद कर. आनि परत दखाड."

आम्ही आवाज बंद करून बघितलं. डावा खांदा किंचित पुढे टाकून ते चालत होते. ही त्यांची चाल होती. मी माझ्या बापाला पहिल्यांदा चालताना बघत होते, तेही चाळीशी उलटल्यावर.

भावाला वाटलं, एवढाच तुकडा आपल्या मोबाइलवर पण असावा. मी स्क्रीनशॉट घ्यायला गेले तर पडदा काळा आला. नुसता काळा. ते चित्र पेन ड्राइव्हवर घ्यायला गेले तर फाइलच सापडेना, ती त्या ॲपच्या पोटात कुठेतरी कुलूप लावून ठेवलेली. दुसऱ्या मोबाइलवर बघायचं तर माझंच खातं उघडायला हवं, आणि तशी किती यंत्रं चालतील तेही मोजून दिलेलं.

"पैसा दिधा ना आपन?" भाऊ म्हणाला. "मंग आपलं कसं नई?"

मी त्याला अटी वाचून दाखवल्या. विकत म्हणजे सिनेमा आपला नाही, तो बघायचा परवाना आपला. त्याची नक्कल करता येणार नाही, कुणाला देता येणार नाही, आणि दुकानाने उद्या सिनेमा काढून टाकला तर तक्रार चालणार नाही. शेतकऱ्याला हे पटणं अवघड होतं. बैल विकत घेतला आणि दावं दुसऱ्याच्या हातात, असं कसं?

मग त्याने स्वतःची युक्ती केली. माझा मोबाइल खांबाला टेकवून उभा केला आणि त्याच्या मोबाइलने त्याचं शूटिंग घेतलं. बघितलं तर काचेत उघडं दार, अंगणातला उजेड, आणि वाकलेला तो स्वतः. त्याने ते पुसून टाकलं.

"बापना तोंडवर मन्हंच तोंड दखाय ऱ्हायनं," एवढंच म्हणाला.

मी दुकानाच्या मदत विभागाला लिहिलं. एकोणीस सेकंदांचा तुकडा आहे, त्यातला माणूस माझे वडील आहेत, दुसरं काही नको. उत्तर लगेच आलं. आपल्या भावना आम्ही समजू शकतो, असं सुरू होऊन त्याच अटींवर संपणारं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शेवटची नावं बघा ना. कुणी ना कुणी असेल अजून." सिनेमाच्या शेवटी भराभर वर जाणाऱ्या नावांत एका बाईंचं नाव होतं, शूटिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या म्हणून. शोधल्यावर कळलं की त्या मुंबईत सिनेमाचं शिकवतात. त्यांना मी एक लांबलचक पत्र मेलने पाठवलं. तीन आठवडे काही नाही. मग एका दुपारी, मी वह्या तपासत असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वाकड्या शिंगाचा बैल, तेच ना?" पलीकडून एकदम विचारलं गेलं. आवाज म्हातारा होता, पण खणखणीत. "ते गृहस्थ मला चांगले आठवतात. त्यांनी आमची सकाळ घालवली होती."

मी घाबरून म्हटलं, "का? काय झालं होतं?"

"अहो, आमच्या दिग्दर्शकांना गाडी वेगात जायला हवी होती. सात-आठ सेकंदांत शॉट संपवायचा होता. ते म्हणाले, गाडीत बसा, बैलांना पराणी टोचा आणि पळवा. तुमचे वडील म्हणाले, भरलेली गाडी आहे, चढ आहे, मी टोचणार नाही. आणि गाडीतून उतरूनच पडले. बैलाच्या मानेवर हात ठेवून चालायला लागले. दिग्दर्शक ओरडतायत आणि हे आपले शांतपणे चाललेत. दुसरी गाडी तेव्हा मिळाली नाही, म्हणून तोच शॉट ठेवला. माझ्या वहीत मी लिहिलं होतं, गाडीवान ऐकत नाही."

मी हसले आणि हसता हसता मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग सांगितलं की सिनेमाचे हक्क आता भलत्याच कंपनीकडे आहेत, तुकडा देणं त्यांच्या हातात नाही, जुनी रिळं कुठे गेली तेही माहीत नाही. विचारून बघेन म्हणाल्या. त्यातून पुढे काही झालं नाही. पण फोन ठेवण्याआधी त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं असावं, कारण मध्ये थोडी शांतता होती आणि मग त्यांनी ते पूर्ण नाव सावकाश परत म्हणून दाखवलं.

संध्याकाळी मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माले माहीत शे. त्या दिन घर येईसन जेवनात नई. बैलसले गूळ चारा आनि निजी गयात." एवढ्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र ती फोनवर आपणहून एकेक आठवण काढू लागली. दोन वाक्यांवर थांबणारी माझी आई कधीकधी अर्धा अर्धा तास बोलायची.

काही महिन्यांनी दुकानाकडून मेल आला. हा सिनेमा महिनाअखेर दुकानातून काढला जाईल. ज्यांनी डाउनलोड केलाय त्यांच्या त्या यंत्रावर तो राहील, पण टीव्हीवर किंवा इतरत्र दिसणार नाही. मी भावाला म्हटलं, शेवटच्या रविवारी आईला घेऊन ये. मोठ्या पडद्यावर एकदा तरी बघू दे.

दोघं सकाळच्या एसटीने आले. चहा झाला. मी टीव्ही लावला आणि सवयीने सिनेमा पुढे पळवायला घेतला.

"काय करस?" आई म्हणाली. "पहिलापाईन लाव. त्यासनी ज्यामा काम करं ते पिक्चर मी पुरं देखेलच नई."

म्हणून आम्ही सुरुवातीपासून लावला. मला वाटलं होतं ती दहा मिनिटांत कंटाळेल. पण सासूने त्या मुलीचं ताट ओढून घेतलं तेव्हा आई ताठ बसली. मुलगी घरातून निघाली तेव्हा म्हणाली, "बरं करं." मुलीला विहिरीवर कुणी पाणी देईना, तेव्हा आईने मला उठवून स्वतःसाठी पाणी मागून घेतलं. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघत होतो. तासाभराने मैलाचा दगड आला. भावाने मांडी बदलली.

वडील आले. इतकं मोठं मी त्यांना पाहिलं नव्हतं. टोपीच्या कडेचा मळ दिसत होता, बैलाच्या मानेवरची बोटं दिसत होती. एकोणीस सेकंद झाले, ते गेले. मी आईकडे बघितलं.

तिची नजर पडद्याच्या दुसऱ्या कडेला होती, त्या मुलीवर.

"आते हाई पोर कोठे जाई वं?" ती काळजीने म्हणाली. "पदरमा तर काहीच नई तिना."

"माय, आबा गयात ना आते!" भाऊ म्हणाला. मी रिमोट उचलला, मागे नेण्यासाठी.

आईने माझा हात दाबून धरला. "ऱ्हाऊ दे. मी देखेल शेत त्यासले. फुडे जाऊ दे, तिनं काय व्हस ते समजू दे."

मग आम्ही पुढे बघितलं. शेवटी ती मुलगी एका अनोळखी गावात एसटीतून उतरते आणि तिथेच सिनेमा संपतो, पुढे काहीच सांगत नाही. आईला हा शेवट मुळीच आवडला नाही. त्या मुलीला कुणाच्या तरी घरी नीट पोचवायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. भाऊ म्हणाला, तिला नोकरी लागली असेल. आई म्हणाली, मग दाखवायला काय झालं होतं? मी भात लावायला उठले तरी दोघांचं चालूच होतं.