दादाला चालवताना खाल्लेला मार

दादानं अंड्याची ताटली थेट माझ्या कपाळावर हाणली. नेम अजून शाबूत होता. भुवईवरून आधी बलक ओघळला, मागून रक्त. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी पुसा तोवर. मी यांना दुसरं अंडं आणते."

त्या दिवसांत आमच्या घरात जेवण असंच व्हायचं. दादा आमच्या दांडी गावातल्या एका मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली आणि तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी त्याला गंजका खिळा चघळल्यासारखं लागायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी घसरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, अंडी, डाळ, मासे द्या. थोडं थोडं, पण दिवसभर. व्यायामवाल्यांनी रोज चालवायला सांगितलं. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागला की थांबायचं, नाकानं श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठ आवळून हळूहळू सोडायचा.

बोलता यायचं त्याला. मला शिव्या देतच चालायचा, म्हणजे व्यायाम अगदी शास्त्रशुद्ध होता. मी सालवडच्या कारखान्यातली पाळी संपवून यायचो, पुढे माझी ढेरी आणि मागे तो. दुसऱ्याला व्यायाम शिकवायला ढेरी कधी आड येत नाही.

एका संध्याकाळी तो किनाऱ्यावर उपड्या होडीला टेकून बसला आणि उठेना. मी दंड धरून ओढलं. त्यानं काठी माझ्या नडगीवर घातली. मी काठी धरली, तसा तो पलीकडे जाळी विणत बसलेल्या आपल्या खलाशांकडे बघून ओरडला, "धरा रे याला! हाणा!"

बोटीवर तांडेलाचा हुकूम आधी पाळायचा असतो, विचारायचं नंतर. तिघंही उठले. पहिला गुद्दा ढेरीतच बसला.

"अरे, मी भाऊ त्याचा!"

"माहीत हाय. तुमच्या लग्नात जेवलोय आमी," एक जण म्हणाला आणि माझं तोंड वाळूत दाबलं. पाठीवर गुडघा आला, बरगडीत लाथ बसली, दात ओठात घुसला.

रक्त बघून दादा घाबरला. त्याला थांबवायचं होतं, पण होता नव्हता तो श्वास ओरडण्यात गेला होता. त्याचं तोंड उघडं, आवाज नाही. गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. खालून मला तेवढंच दिसत होतं, आणि लाथेपेक्षा त्याचीच भीती वाटली. मग त्यानं डोळे मिटले, नाकानं श्वास ओढला, ओठ आवळले आणि सोडला. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. आपल्या बरगड्यांवर लाथा पडत असताना दुसरं कुणी इतक्या शिस्तीत व्यायाम करताना बघणं फार कठीण असतं.

मग तो उठला. कुणाचा हात न धरता वाळूतून आमच्यापर्यंत आला आणि जवळच्या खलाशाच्या पाठीत काठी घातली. "सोडा... त्याला."

लगेच सोडलं. तोही हुकूमच होता.

घरी वहिनीनं माझं थोबाड बघितलं. "आज कोणी?"

"मीच," दादा म्हणाला. "भूक लागलीय."

बोंबलाचं कालवण आणि भात त्यानं संपवला. वहिनी पुन्हा वाढायला वाकली, तसा त्याचा हात उगारला गेला.

"मारा ना," ती म्हणाली. "पण खाऊन मारा."

त्यानं हात ताटात घातला.

पुढच्या तारखेला दवाखान्यात तो वजनकाट्यावर उभा राहिला तेव्हा तोही आणि मीही श्वास धरून होतो. वजन वाढलं नव्हतं, पण घटलंही नव्हतं. "आज देऊ या डोस," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या सुजलेल्या ओठाकडे बघत राहिले. मी सांगितलं, घरात पडलो. सुई टोचताना दादानं माझं मनगट असं पिरगाळलं की बोंब मीच मारली. नर्स मलाच ओरडली, "पेशंट कोण आहे यातला?"

"तोच," दादा म्हणाला. "त्याला जरा चालवत जा."