गळ्यावरून फिरवलेला हात

त्या प्रकरणाची आठवण आली की आजही मला जेवण जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि घरी जाऊन निवांत झोपलो. हे मात्र पचलं नाही. नावं सांगणार नाही, माणसं हयात आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाजवळच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. माण तालुक्याकडे पाणी उपसून नेणाऱ्या योजनेचं पंपगृह आमच्या हद्दीत होतं. पाणी जिथून आत घेतात त्या पाण्याखालच्या, छत असलेल्या काँक्रीटच्या खोलीला लोखंडी जाळ्या असतात आणि त्यात झाडोरा, चिंध्या, काय वाट्टेल ते अडकतं. ते काढायला ठेकेदारानं दोन पाणबुडे लावले होते. दोघंही म्हसवडकडचे. एक दाजी, दुसरा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. उन्हाळ्यात ज्यांच्या गावच्या विहिरींचा तळ दिसतो, ते हे दोघं मुंबईला राहून पाठीवर हवेची टाकी बांधून बुडायला शिकलेले. एके दिवशी दोघं खाली गेले आणि मेहुणा एकटाच वर आला.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. मेहुण्याचा जबाब अगदी त्रोटक होता. मी जाळी साफ करत होतो, वळून बघितलं तर दाजी निपचित पडलेले, त्यांनी मला काही खूण केली नाही. बस्स.

कागद मार्गी लागायच्या बेतात असताना उंब्रजच्या एका खानावळवाल्याचा फोन आला. आदल्या दिवशी दोघं त्याच्याकडे जेवायला होते आणि कडाक्याचे भांडले होते. मेहुणा काय म्हणाला ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. "दाजी, एक दिवस खरंच सोडीन तुमाला खाली." आता हे ऐकल्यावर कुठला पोलीस गप्प बसेल?

दुसऱ्याच दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. रडली नाही, ओरडली नाही. माझ्यासमोर सरळ उभी राहिली. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हे लोक हातानं बोलतात, हे मला तिच्याकडूनच पहिल्यांदा नीट कळलं.

"साहेब, ह्यांची हवा संपली आन ह्यांनी मागितली न्हाई, असं व्हनारच न्हाई. घरात जेवतानासुदिक हातानं सांगायचे, भाकर वाढ, पाणी आण. मला सगळ्या खुणा शिकवल्यात. त्यांनी मागितली का न्हाई, तेवढं मला सांगा. दुसरं काय नको."

मेहुण्याला चौकशीला बोलावलं. आम्ही त्याला बोटही लावलं नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण लोक भलतंसलतं धरून चालतात. तो मान खाली घालून बसायचा आणि तेच वाक्य म्हणायचा. खूण केली नाही. तोवर मुद्देमालाची तपासणी झाली. मयताची टाकी रिकामी होती, पण हवेच्या मीटरचा काटा अर्ध्यावरच अडकून बसला होता. म्हणजे बिचाऱ्याला हवा भरपूर आहे असंच वाटत होतं आणि अचानक श्वास बंद झाला. असा माणूस शेजारच्याला काही सांगणार नाही? माझा संशय आणखी पक्का झाला.

मग सांगलीहून पूर बचाव पथकातला एक मुरलेला पाणबुड्या बोलावून घेतला. त्यानं मेहुण्याकडे बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाला, तोंडानं विचारू नका, मला ह्याला हातानं विचारू द्या. तो समोर खुर्ची ओढून बसला. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, म्हणजे ठीक. मेहुण्याचा हात सवयीनं वर आला आणि त्यानंही गोल केला. मग दोघं नुसत्या हातांनी बोलू लागले. दाराशी उभा असलेला हवालदार तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मध्येच मेहुण्यानं आडवा पंजा गळ्यावरून फिरवला. मग स्वतःचा तळहात पुढं धरून हलवला, जाळी धरल्यासारखं केलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळून आमच्याकडे पाठ केली.

पाणबुड्या माझ्याकडे वळला. "मयतानं हवा संपल्याची खूण केली साहेब. ह्यानं सांगितलं, आत्ता नको, काम करा."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला आणि विचारलं, मग हवा दिली का नाहीस? तेव्हा तो बोलू लागला.

दाजी काळजीखोर, अगदी वेड लागल्यासारखे. काम चालू असताना न सांगता गळ्यावरून हात फिरवायचे. दुसऱ्याला हवा द्यायला छातीवर अडकवलेली जादा नळी सोबती झटकन देतो का, हे बघायचे. पाणबुडे असा सराव करतात, पण दाजी प्रत्येक बुडीत करायचे. नळी दिली की बोटांचा गोल करायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पोरगा वैतागला होता. खानावळीतलं भांडण त्यावरूनच झालं होतं. त्या दिवशी थोड्या वेळापूर्वीच दोघांनी एकमेकांची मीटरं बघितली होती, दाजींचा काटा अर्ध्यावर होता. परत तेच नाटक, असं त्याला वाटलं.

बहीण डबा घेऊन बाहेर बसली होती. नवरा गेलेला, भाऊ चौकशीत, तरी ती रोज त्याला डबा आणायची. तिनं विचारलेलं होतं, तेव्हा तिला सांगणं भाग होतं. मी तिला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिनं भावाकडे बघून विचारलं, "दुसऱ्यांदा मागितली व्हती का?"

"माझी पाठ व्हती, आक्का. वर छत, त्यास्नी वर जायला वाट न्हाई. पाठीवर थापट्या मारत व्हते. मला वाटलं, चेष्टाच चाललीय."

"किती येळ?"

तिनं डबा उचलला आणि तशीच निघून गेली.

खुनाचा उद्देश नव्हता आणि काटाच अर्ध्यावर दिसत असल्यानं हलगर्जीपणाही ठरेना, त्यामुळे मेहुण्यावर काही लागलं नाही. नादुरुस्त सामान दिल्याबद्दल ठेकेदारावर गुन्हा दाखल केला. त्याला जामीन मिळाला आणि खटला अजून रेंगाळतोय.

निवृत्तीच्या आधी म्हसवडच्या जत्रेच्या बंदोबस्ताला होतो. ती गर्दीतून स्वतःहून माझ्याकडे आली. मी भावाची चौकशी केली.

"घरातच हाय. आई हाय तवर हाकलू कुठं? वाढते त्याला. बोलत न्हाई." मग म्हणाली, "साहेब, कळलं की जीव शांत व्हईल असं वाटायचं. आता रोज वाटतंय, ह्यांनी मागितलीच नसती तर लय बरं झालं असतं."

गुन्ह्याचा छडा लागला की आम्ही पोलीस एकमेकांना चहा पाजतो, पाठ थोपटतो. खरं शोधून काढणं एवढंच आपलं काम, पुढं ज्याचं त्यानं बघावं, असं मी जन्मभर मानलं. ते ऐकणाऱ्याला पुढं त्याच घरात, त्याच माणसाला जेवायला वाढत जगायचं असतं, हे मला तिनं दाखवलं. आणि तरी, ती उद्या परत समोर येऊन उभी राहिली आणि तोच प्रश्न विचारला, तर मी तेच उत्तर देईन. दुसरं माझ्याकडे काही नाही.