फिटनेसच्या कागदावरची सही

"मॅडम, सही करा हो. सोमवारी विद्यापीठाची निवड चाचणी आहे. पोरीचं शेवटचं वर्ष," कोच सर तिसऱ्यांदा म्हणाले.

मी फिजिओथेरपिस्ट. थेरगावात माझं क्लिनिक आहे. समोर टेबलावर झोपली होती वैष्णवी. कुरुळीची, कॉलेजच्या बेसबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. आठ महिन्यांपूर्वी धावत बेस गाठायला झेप घेताना तिचा उजवा खांदा निखळला. ऑपरेशन झालं. तेव्हापासून व्यायाम माझ्याकडे, आणि आता ती खेळायला फिट आहे असं पत्रही मीच द्यायचं होतं.

खरं सांगते, पेनला मी अजून हातही लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कबड्डीपटूला मी असंच पत्र दिलं होतं. पहिल्याच मॅचला त्याचा खांदा पुन्हा सुटला. दुसरं ऑपरेशन झालं, आणि खेळ कायमचा बंद. हिचंही तसंच झालं तर?

मी शेवटची टेस्ट घेतली. अ‍ॅप्रिहेन्शन टेस्ट म्हणतात तिला. पेशंटचा हात बाजूला घ्यायचा, कोपरात वाकवायचा आणि हळूहळू मागे न्यायचा, चेंडू फेकण्याआधी जातो तसा. यात दुखतं का ते बघायचं नसतं. पेशंट घाबरतो का ते बघायचं. खांदा सुटेल असं वाटलं की चेहऱ्यावर लगेच दिसतं.

वैष्णवीचा चेहरा मख्ख.

"कसं वाटतंय?"

"मस्त, मॅडम. काहीच नाही."

"बघा! वाघीण आहे वाघीण," कोच सर म्हणाले.

मी पेन उचललंसुद्धा. मग वाटलं, अजून एकदा बघू. हात पुन्हा मागे नेला आणि सहज नजर खाली गेली. चपला दाराबाहेर, पाय उघडे. पायाची बोटं तिने इतकी घट्ट आवळली होती की पांढरी पडली होती. अरे देवा! इतके दिवस मी या पोरीचा चेहराच बघत बसले होते.

कोच सरांना बाहेर बसवलं.

"चेहरा मख्ख ठेवायची आरशासमोर प्रॅक्टिस केलीस ना?"

 ती रडायलाच लागली. "मला लई भ्या वाटतं, मॅडम. दुखायचं भ्या न्हाई वाटत. त्या दिवशी खांद्यातनं आवाज आला ना, कट्कन, तो अजून ऐकू येतो. पण सगळे वाघीण वाघीण करत्यात. सांगू कुणाला?"

"मलापण भीती वाटते," मी म्हणून गेले. पेशंटसमोर असं बोलायचं नसतं.

सही केली नाही. कोच सर भडकले. "तुमच्या भीतीपायी पोरीचं वर्ष घालवलंत!" त्या सीझनला त्यांनी माझ्याकडे एकही खेळाडू पाठवला नाही. वैष्णवीही पंधरा दिवस फिरकली नाही.

आली तेव्हा फेकणं बाजूला ठेवलं आणि गादीवर झेप घ्यायला लावली. पहिल्या दिवशी गादीसमोर वीस मिनिटं उभी राहिली आणि तशीच घरी गेली. तिसऱ्या दिवशी तिने अंग झोकून दिलं. मी डोळे मिटून घेतले होते, हे लिहायला लाज वाटते. खांदा जागेवर होता.

पुढे मी सही केली, आणि कॉलेजच्या त्या वर्षातल्या शेवटच्या मॅचला जाळीबाहेर उभी होते. तिने बेसकडे झेप घेतली. नुसती धूळ. ती उठेना. मग धुळीतूनच आवाज आला, "आउट कशी काय, ओ अंपायर?"

आउटच होती. पण तावातावाने भांडत होती.

विद्यापीठाकडून ती खेळली नाही ती नाहीच. ते माझ्यामुळे, आणि ते मला अजून बोचतं. माझ्या फॉर्मवर 'दुखणं किती?' असा रकाना होता, आता 'भीती कशाची?' असाही आहे. बहुतेक खेळाडू तिथे 'कशाचीच नाही' लिहितात. त्यांच्या पत्रावर मी सही करत नाही.