चाकणच्या कामातला फुकटचा तुकडा

आमची ही गेली त्याला वर्ष होत आलं. मागच्या महिन्यात पोरगी तोंड पाडून बसली होती, तेव्हा हिचीच गोष्ट आठवली.

पोरगी प्रोग्रॅम लिहिते, रहाटणीच्या घरातूनच. चाकणच्या एका कारखान्यात कॅमेऱ्यानं पार्ट तपासायचे, त्याचा प्रोग्रॅम. मी सातवी नापास, म्हणून सोपं करून सांगितलं.

"बाबा, प्रोग्रॅमला दुसऱ्यांचे दोन तयार तुकडे जोडलेत. कॅमेरावाला म्हणतो, माझं आतलं कुणाला दाखवायचं नाही. दुसरा फुकटचा. त्याची अट, मला जोडून पुढं दिलंत तर सगळंच उघडं करून द्या. दोन्ही अटी एकत्र पाळताच येत नाहीत."

"मग जोडलास कशाला?"

"आई दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून केलं. अट वाचलीच नाही."

सोबत काम करणारा पोरगा तिला म्हणालेला, आत कोण बघतंय, दे तसंच. साहेबाला सांगितलं तर काम जायची भीती.

हिची ती गोष्ट फार जुनी, तेव्हा इथं खोलीमागं ज्वारीचं रान होतं. रविवारी माझ्या कंपनीला सुट्टी, घरात मटण. शेजारची माळकरी म्हातारी तापानं पडलेली, म्हणून हिनं तिच्यासाठी वेगळी आमटी टाकली. घाईत रश्श्याचीच पळी तिच्यात फिरवली. मीच फक्त पाहिलं.

"दे तसंच. तिला काय कळतंय?"

"तिला न्हाई कळत, म्हणून फसवू व्हय? माळ तिच्या गळ्यात हाय, तुमच्या न्हाई!"

आमटी मला वाढली, पातेलं घासलं, डाळ पुन्हा शिजायला टाकली. वर म्हातारीला जाऊन सांगितलं, उशीर का झाला ते. म्हातारी हिला भरपूर बोलली, आणि मग जेवली. मी दोन दिवस आमटीच खाल्ली.

हे पोरीला सांगितलं. तिनं साहेबाला फोन लावला. साहेबाचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. शेवटी त्यानं आठ दिवस दिले. तिनं फुकटचा तुकडा काढला आणि तेवढं काम स्वतः लिहिलं. काम राहिलं, पण प्रोग्रॅम मशीनवर बसवायला साहेबानं दुसऱ्यालाच पाठवलं. तिला ते लागलं.

म्हटलं, चल, स्कूटरवर कारखान्यात नेतो. कांद्याच्या ट्रकांमागं धूर खात चाकण गाठलं. गेटवरच्याला ठणकावलं, "आतला प्रोग्रॅम हिनं केलाय राव!"

"असेल काका. पास दाखवा."

पोरगी रस्त्यातच खदाखदा हसत सुटली. ही गेल्यापासून आमच्यात कुणी तसं हसलं नव्हतं.