डिंडोलीतला कॅनडा

मी आयुष्यात एकदाच कॅनडाला गेलो होतो. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मांडवातून निघालो आणि जेवणाची पंगत बसायच्या आत परत आलो.

एक मे म्हणजे सुरतच्या मराठी माणसाला दुहेरी सण. महाराष्ट्र दिनही तोच आणि गुजरात दिनही तोच, त्यामुळे दोन्हीकडची भाषणं ऐकावी लागतात! यंदा सोसायटीच्या कमिटीनं भाषणांऐवजी एकांकिका स्पर्धा ठेवली. विषय होता, ‘परदेशी गेलेली मुलं आणि मोबाईल’. मी दिवसभर लूमच्या कारखान्यात सुपरवायझर असतो, पण आतून कलावंत आहे (हे आतलं अजून कुणाला बाहेरून दिसलेलं नाही). मी एका बैठकीत नाटक लिहून काढलं, दिग्दर्शन स्वतःकडे घेतलं आणि कॅनडात राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाची भूमिका, दुसऱ्या कुणी मागायच्या आत, स्वतःलाच देऊन टाकली.

“पंचविशीतला?” माझी बायको सुनंदा माझ्या पोटाकडे बघत म्हणाली.

“वरून थंडीचा कोट असतो. कळत नाही!”

गोष्ट सोपी होती. कॅनडातल्या मुलाला आईचा व्हिडिओ कॉल येतो. आई मागच्या मोठ्या पडद्यावर दिसते. ती रडते, मग मुलगा रडतो, मग प्रेक्षक रडतात, की पडदा पाडायचा. आईचं काम वरच्या मजल्यावरच्या पाटीलकाकूंकडे होतं. त्यांना लोकांसमोर उभं राहिलं की घाम फुटतो, म्हणून त्यांचं बोलणं, कॉलच्या घंटीसकट, आधीच माझ्या मोबाईलवर शूट करून ठेवलं होतं. मुलाची कॅनडातली गोरी बायको म्हणून शेजारच्या जिग्नाबेन, सोनेरी विग घालून. (इंग्रजीत त्यांना ‘हाय हनी’ येत होतं. भूमिकाही तेवढीच होती.)

पडद्याचं काम जिग्नाबेनचे यजमान हितेशभाई बघत होते. त्यांनी माझा मोबाईल स्टेजवर स्टँडला लावून पडद्याला जोडला आणि म्हणाले, “गजाभाई, नेट बंद कर दो. बीच में किसी का फोन आ गया तो?”

“हितेशभाई, नाटक मी लिहिलंय! त्यात कुणाचा फोन कधी येतो, ते मला माहीत आहे!”

संध्याकाळी मांडव गच्च भरला. पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून अडाजणहून आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका कुलकर्णीबाई, त्यांच्या बाजूला सुनंदा. सुरतचा मे महिना, अंगात कोट, गळ्यात मफलर, डोक्यात माकडटोपी! बर्फ म्हणून पसरलेला कापूस उडायला लागला, म्हणून पंखाही बंद केलेला. तरुण दिसावं म्हणून मी चष्मा काढून ठेवला होता. समोरचं सगळं जग मला तव्यावरच्या धिरड्यासारखं पसरट दिसत होतं.

मोबाईलची घंटी वाजली. जरा लवकर वाजली असं वाटलं, पण मी पुढे झालो आणि मोबाईलवर जिथं हिरवं दिसलं तिथं बोट लावलं. मागच्या पडद्यावर पदर घेतलेला एक अंधुक चेहरा उगवला. मी दोन्ही हात पसरले.

“आई! मी कॅनडातून बोलतोय गं!”

“कुठून?” पडदा म्हणाला.

हे वाक्य माझ्या नाटकात नव्हतं. पाटीलकाकूंनी स्वतःच्या मनानं घातलं असणार! हौशी नटांचं हे असंच असतं.

“कॅनडातून, आई! बघ, किती बर्फ पडलाय!”

“का रे गज्या, काल त तू डिंडोलीत होता ना? अन् हे माकडटोपी कायले घातली? ताप आला का तुले?”

कोटाच्या आत मी गार पडलो. पाटीलकाकू मला ‘गजाननराव’ म्हणतात. ‘गज्या’ म्हणणारी बाई या पृथ्वीवर एकच आहे, आणि ती तिकडे महाराष्ट्रात, चिखलीजवळच्या आमच्या गावी असते. माझी माय! खरी! मांडवाएवढी!

मांडवात हशा फुटला. कुलकर्णीबाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. नाटक थांबवलं तर बाद होणार! मी ठरवलं, मायला नाटकातल्या नाटकातच घरी पाठवायचं.

“आई, मी कामात आहे. नंतर बोलतो!”

“कामात? मले न सांगता देश सोडला, अन् वरून कामात?”

आणि ‘नंतर बोलतो’ हीच जिग्नाबेनच्या एण्ट्रीची खूण होती. सोनेरी केस उडवत त्या आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हाय हनी!”

माय पुढे सरकली. मांडवही.

“हे कोन व्हय?”

मी जिग्नाबेनना डोळ्यांनी ‘जा, जा’ म्हणत होतो. त्यांना वाटलं मी वाक्यं विसरलो. त्यांनी मला सांभाळून घेतलं. पडद्याकडे वळून हात जोडले आणि इंग्रजी संपल्यामुळे म्हणाल्या, “मम्मीजी, जय श्री कृष्ण! केम छो?”

“अवं माय! गोरी गुजराती बोलून राह्यली!” माय मागे वळून गल्लीत ओरडली, “धावा व! आमच्या गज्यानं दुसरी केली!”

पडद्यावर आमची अख्खी गल्ली दाटीवाटीनं जमा झाली. कुणीतरी शेळीसकट आलं होतं. मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. मायचा जीव निवावा म्हणून सुनंदा पहिल्या रांगेतून धावत स्टेजवर आली.

“आत्याबाई, घाबरू नका! मी इथंच हाय!”

मायनं तिच्याकडे पाहिलं, जिग्नाबेनकडे पाहिलं.

“दोघीले बी संग घिऊन गेला?”

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. आणि मग माय एकदम रडायला लागली.

“तुले सुरतले धाडतानी मी रडली नाही, गज्या. गाडीत बसलं की पोचता येते, एवढं मले ठावं व्हतं. हे कॅनडाले कोनती गाडी जाते रे बापा? उद्या मले काही झालं, त तू यशील तरी कसा?”

हशा बंद झाला. मागच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. कुणाची आई जालन्याकडे होती, कुणाची यवतमाळकडे. मला दिग्दर्शक, परीक्षक, काही आठवेना. मी माकडटोपी ओढून फेकली आणि मोबाईलला नाक टेकवून ओरडलो, “माय, मी कुठीच नाही गेलो व! हे नाटक हाय! मी डिंडोलीतच हाय!”

“खोटं नको बोलू. मांगं बर्फ दिसून राह्यला.”

“कापूस हाय माय, कापूस!” मी मूठभर उचलून दाखवला.

“जवळ आन.” तिनं डोळे बारीक करून पाहिलं. “हो, कापूसच व्हय. हलका हाय पन. अन् ते गोरी?”

जिग्नाबेननं विग काढला. आतून तेल लावलेला काळा अंबाडा निघाला.

“अवं, हे त आपली जिग्ना!” माय डोळे पुसत हसली. “मागच्या खेपेले मी हिले भाकरी शिकवली व्हती ना!”

टाळ्यांनी मांडव दणाणला. हितेशभाईंनी तेवढ्यात घाईघाईनं पडदा पाडला (तो माझ्या डोक्यावर पडला).

आता आपण बाद, असं धरून मी कोपऱ्यात कोट पिळत बसलो होतो. तर पहिला नंबर आमचा! कुलकर्णीबाई माईकवर आल्या. “नाटकातच नाटक, ही कल्पना फार धाडसी. आणि पडद्यावरच्या आई! इतका अस्सल अभिनय मी आजवर पाहिला नाही. उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस त्यांनाच.”

मी उठलो, कॉलर सारखी केली, चष्मा लावला आणि माझ्या बक्षिसाची वाट बघत स्टेजच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहून उसासा टाकला.

“मुलाचं काम करणाऱ्या गृहस्थांनी मात्र मेहनत घ्यायला हवी. ही यांची खरी आई आहे, असं क्षणभरही वाटलं नाही!”