दोन नंबरवाली

आमच्या गोधड्यांच्या कारखान्यात मीही शिवायला होते; तिथे माझ्या आत्याला सगळे ‘दोन नंबरवाली’ म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचे काळे धंदे आहेत. धंदा एकच: गोधडीचे तुकडे जोडायचे, तेही मशीनवरचा टाक्याच्या लांबीचा आकडा दोनवर ठेवून. टीप बारीक आणि दाट. मग खाली कापूस आणि अस्तर घालून सगळे थर शिवताना ती आकडा साडेतीनवर न्यायची, कारण जाडीवर बारीक टीप घातली की कापड आक्रसतं. इतकं साधं. पण साधी गोष्ट साहेबलोकांना सांगणं म्हणजे निव्वळ डोकेफोड.

नवा साहेब आला तोच घाईत. बाराही मशीनचे आकडे त्याने चारवर नेले आणि वरून चिकटपट्टी लावून टाकली. मोठी टीप, भराभर काम.

“साहेब, जोड चारवर टिकत नाही,” आत्या म्हणाली. “जोडलेलं आपण परत आडवं कापतो. टीप मोठी असली की टोकं सुटतात.”

“अहो मावशी, चुकलं तर उसवायला किती सोपं!” साहेब हसला. “पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोण घेणार होतं? घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललेलं. तीन दिवस आत्या निमूटपणे चारवर शिवत राहिली, चार गोधड्यांचे वरचे थर जोडून मोकळी झाली. मला तिचा इतका राग आला की डबा खायलाही मी तिच्याशेजारी बसले नाही.

चौथ्या दिवशी साहेब जेवायला गेला, तेव्हा ती ते चारही थर घेऊन त्याच्याच टेबलाशी जाऊन बसली. प्रत्येक जोडाचा एक टाका कात्रीने तोडायचा, दोरा बोटाला गुंडाळायचा आणि ओढायचा. सर्रकन जोड मोकळा. साहेब परतला तेव्हा टेबलावर तुकड्यांचा ढीग होता आणि आत्याने एकच जोड शिल्लक ठेवला होता.

“हा तुम्ही ओढा,” दोरा त्याच्या हातात देत ती म्हणाली.

त्याने ओढला. काय करतो बिचारा!

“खरंच हो साहेब, उसवायला फार सोपं आहे.”

साहेब लालबुंद झाला. “उद्या माल जायचाय! हे आता जोडणार कोण?”

“आम्ही जोडतो की. तेवढी पट्टी काढा.”

तो तिच्या मशीनपाशी गेला आणि वाकून नखाने पट्टी खरवडू लागला. निघता निघेना. अखेर निघाली.

“बसा आता, मावशी.”

आत्या उभीच राहिली.

“अजून अकरा आहेत,” ती म्हणाली.